बाहेरून बसवलेली काच

१

सुदेश गुप्तेच्या हातात हातोडी आली की घरातली माणसं उठून उभी राहत. ही थट्टा वाटत असेल तर ठाकुर्लीच्या स्वानंद सोसायटीत कुणालाही विचारा. घड्याळ टांगायला म्हणून त्याने एकदा हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला, तो नेमका पाण्याच्या पाइपात गेला आणि खालच्या मजल्यावर दर्शनाच्या देवघरात न मागता अभिषेक झाला. तेव्हापासून घरातल्या हत्यारांची पेटी त्याच्या बायकोने, कल्पिताने, माळ्यावर, दिवाळीच्या भांड्यांच्याही मागे ठेवून दिली होती.

तसा सुदेश बिनकामाचा नव्हता. ठाण्याला एका फ्रिज बनवणाऱ्या कंपनीत तो तक्रार विभागात होता. फ्रिज बिघडलेल्या माणसाला फ्रिज दुरुस्त न होताही बरं वाटेल, असं उत्तर लिहिण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फक्त घरात हे कौशल्य चालत नसे. घरातला नळ ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ असं ऐकून गळायचा थांबत नाही.

सासरे त्याच्या अगदी उलट. अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी कल्याणच्या त्यांच्या घरात एकही बिजागरी कुरकुरत नसे. जावई म्हणून ते सुदेशला मान देत, ‘सुदेशराव’ म्हणत, पण चहाचा कप त्याच्या हातात देताना दुसरा हात नकळत खाली धरत.

मेच्या अखेरीस एका दुपारी वादळ आलं. पाऊस नावाला, नुसता वारा. वीस मिनिटांत त्याने आपलं काम उरकलं. गुप्त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, त्यामुळे मान त्यांना पहिला मिळाला. मागच्या खोलीच्या खिडकीची वरची मोठी काच फुटली. स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा पत्रा उडून खाली आवारात पडला. माळ्याचं दार एका बिजागरीवर लोंबू लागलं. मागची खोली मैथिलीची. मुलगी पुण्याला नोकरीला गेल्यापासून ती रिकामीच होती, पण तिच्या पुस्तकांवर काचांचा चुरा झाला तेव्हा कल्पिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अण्णांचा गुडघा धड असता तर आज संध्याकाळपर्यंत काच बसली असती,” ती म्हणाली.

अण्णांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती.  सुदेशने फोन उचलला.

काचवाला म्हणाला, “साहेब, अख्खी डोंबिवली फुटलीय. तुमचा नंबर गुरुवारी.” कुठल्या गुरुवारी, ते त्याने सांगितलं नाही. पत्र्याचं काम करणारा शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकला होता. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हाही तो शीळफाट्यालाच अडकलेला होता. तिसऱ्या दिवशीही.

२

चौथ्या दिवशी सुदेश ऑफिसातून घरी आला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. कल्पिता अण्णांकडे कल्याणला गेली होती. त्याने कपडे बदलले, पाणी प्यायला, आणि खिडकीला लावलेला पुठ्ठा जागेवर आहे का ते बघायला मागच्या खोलीत गेला.

पुठ्ठा घडी करून कोपऱ्यात ठेवला होता. खिडकीत काच होती.

नवी कोरी. चौकटीच्या कडेने पुट्टी अशी सरळ ओढलेली, की पट्टी लावून रेघ मारावी. खाली जमिनीवर चुरा नाही, डाग नाही. काम झाल्यावर खोली झाडून घेतलेली. हे त्याला विचित्र वाटलं. काम करून जागा झाडून जाणारा माणूस त्याने पन्नास वर्षांत पाहिला नव्हता.

‘कल्पिताने कुणाला तरी गाठलं असणार,’ असं म्हणून तो चहा टाकायला वळला. तेवढ्यात कल्पिता आली, पिशवी ठेवायला मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, “अरे सुदेश! काच?”

“हं.”

ती दारात आली. “तू बसवलीस?”

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. त्या चोवीस वर्षांत कल्पिताने त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं होतं, रागाने पाहिलं होतं, कीव करून तर आठवड्यातून दोनदा पाहिलं होतं. पण आत्ता ती ज्या नजरेने पाहत होती ती नजर आजवर फक्त अण्णांच्या वाट्याला आली होती. सुदेशने तोंड उघडलं ते ‘छे, मला वाटलं तूच’ असं म्हणायला. बाहेर पडलं ते वेगळंच.

“हो,” तो म्हणाला. “त्यात काय एवढं.”

३

रात्री जेवताना त्याला पश्चात्ताप झाला, पण पानात पुरणपोळी होती. पुरणपोळी खाताना माणसाला फार पश्चात्ताप करता येत नाही.

त्याने विचार केला. किल्ल्या तीन. एक त्याच्याकडे, एक कल्पिताकडे, एक अण्णांकडे. म्हणजे अण्णांनीच कुणीतरी जुना कारागीर पाठवला आणि जावयाची लाज राखायला गप्प राहिले. हा विचार त्याला इतका पटला, की दोन दिवसांनी पत्रा जागच्या जागी बसलेला दिसला तेव्हा त्याने मनातल्या मनात अण्णांना नमस्कार केला.

खाली गेटवर वॉचमन महिपत त्याची वाट बघत होता. “सायेब, पत्रा कधी नेलात? मी दिवसभर हितंच होतो. सकाळी होता, दुपारी बगतो तर नाय.”

“तुम्ही जेवायला गेला असाल.”

“मी हितंच जेवतो,” महिपत म्हणाला. मग थोडं थांबून, “जिन्यानं तर कोण गेला नाय.”

सुदेशने त्याला तक्रार विभागातलं एक उत्तर दिलं आणि तो वर आला.

माळ्याचं दार बसलं. बाथरूमचा नळ गळायचा थांबला. जूनचा पाऊस लागला, तरी चौथ्या मजल्यावर थेंब आत येईना. कल्पिता शेजारणींना सांगू लागली, आणि एका सकाळी दर्शना मिक्सर घेऊन दारात उभी राहिली.

“गुप्तेभाऊ, कल्पिता म्हणाली तुम्ही सगळं करता. हा नुसता घूं घूं करतो.”

“ठेवा,” सुदेश म्हणाला. आता माघार घ्यायची तर कुठून घ्यायची? त्याने मिक्सर मागच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि ऑफिसला गेला. संध्याकाळी मिक्सर दुरुस्त झालेला होता. टेबलावर मात्र नव्हता. खाली जमिनीवर, वर्तमानपत्रावर, पुसून ठेवलेला होता.

आठवड्याभरात मागच्या खोलीत चार पंखे, एक गिझर आणि सेक्रेटरींचा रेडिओ येऊन गेला. जिन्यात माणसं थांबून सुदेशशी बोलू लागली. एकदा तर तो आरशासमोर उभा राहून पेन्सिल कानावर अडकवून बघत होता.

४

पहिल्यांदा खटकलं ते कल्पिताला.

“अरे, मागच्या खोलीची कडी इतक्या खाली का बसवलीस?”

सुदेशने जाऊन पाहिलं. दाराला आतून असलेली कडी जुन्या जागेवरून काढली होती. जुनी भोकं भरून, वर रंगाचा हात फिरवून, कुणाला शोधूनही सापडू नयेत अशी बुजवली होती. नवी कडी होती गुडघ्याच्या उंचीवर.

“उद्या कुणाकडची लहान मुलं आली तर,” तो म्हणाला.

“लहान मुलांच्या हाताला लागू नये म्हणून कडी वर बसवतात, सुदेश.”

“पूर्वी. आता तसं नाही करत.”

कल्पिताने त्याच्याकडे बघितलं. कारागिराच्या कामात तोंड घालू नये, हे ती अण्णांच्या घरात शिकली होती. म्हणून गप्प बसली.

मग दिव्याची बटणं खाली आली. मग टॉवेलची खुंटी. मग आरसा. त्यात बघायला सुदेश उभा राहिला की फक्त पायजम्याचे गुडघे दिसत. सुदेशने टेप आणून मापं घेतली. सगळं जमिनीपासून सारख्याच उंचीवर, सुताइतकाही फरक नाही. त्याने स्वतःला समजावलं, की अण्णांचा माणूस म्हातारा असणार, पाठीचा त्रास असणार, बसून काम करत असणार. बसून काम करणारा माणूस वस्तूही बसल्या उंचीला लावणार. हे स्पष्टीकरण त्याला तीन दिवस पुरलं.

चौथ्या दिवशी हॉलमधलं कॅलेंडर खाली आलं.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ते खाली आल्याचं त्याला सोयीचं वाटलं होतं. कारण तो जमिनीवर बसला होता. कल्पिताही जमिनीवर बसून भाजी निवडत होती. सोफा रिकामा होता. गेले आठ-दहा दिवस ते दोघंही घरात आल्या आल्या खालीच बसत होते, खालीच जेवत होते, टीव्हीसुद्धा खालूनच बघत होते. कुणी ठरवलं नव्हतं. सुदेश उठून सोफ्यावर बसला. त्याला उगाचच फार उंच ठिकाणी बसल्यासारखं वाटलं. दोन मिनिटांनी तो परत खाली उतरला.

५

शनिवारी त्याला सुट्टी होती आणि शिक्षिका असलेल्या कल्पिताची शाळा सुरू झाली होती. सकाळचे अकरा. बाहेर पाऊस थांबून ऊन पडलेलं. सुदेश हॉलमध्ये, अर्थात जमिनीवर, पेपर वाचत होता.

मागच्या खोलीतून आवाज आला. खर्र, खर्र. लोखंडावर कानस फिरवावी तसा. घाई नसलेला, लयीत चाललेला.

‘खालून येतोय,’ सुदेशने ठरवलं. बिल्डिंगमध्ये आवाज कुठून कुठेही जातात. दर्शनाच्या घरची फोडणी त्यांच्या न्हाणीघरात ऐकू येते. पण दर्शना लोखंड घासत नाही. तिचा नवरा तर दाढीसुद्धा बाहेर करून येतो.

कानशीच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. कुणीतरी गुणगुणत होतं. ओठ मिटून, तोंडात खिळे धरलेला सुतार गुणगुणतो तसं.

सुदेश उठून उभा राहिला. खोलीचं दार लोटलेलं होतं. तो दारापर्यंत गेला नाही. हॉलच्या मध्यावरून त्याने कार्यालयीन आवाजात विचारलं, “कोण आहे?”

कानस थांबली. गुणगुणणं थांबलं. मग टिक, टिक, टिक असा बारीक आवाज आला. एकेक खिळा फरशीवर ठेवल्यासारखा. उत्तर द्यायचं म्हणून कुणीतरी तोंड रिकामं करत होतं.

सुदेशने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने पायात चप्पल अडकवली आणि तो कोथिंबीर आणायला गेला. दीड वाजता परत आला तेव्हा त्याच्याकडे कोथिंबिरीच्या पाच जुड्या होत्या आणि बरोबर दर्शनाला आणलेलं होतं, नवी काच कशी बसलीय ते दाखवायला. खोलीत कुणी नव्हतं. फरशी झाडलेली होती.

त्याने अण्णांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “अण्णा, तुम्ही आमच्याकडे कुणाला पाठवता का? कामाला?”

“मी?” अण्णा म्हणाले. “सुदेशराव, तुमची किल्ली माझ्या उशाशी आहे आणि मी काठीशिवाय मोरीपर्यंत जात नाही. पण कल्पिता सांगते ते ऐकून मला राहवत नाहीये. मंगळवारी येतो. तुमचं काम बघायला.”

६

चार जिने चढायला अण्णांना पाऊण तास लागला. प्रत्येक मजल्यावर त्यांना कुणी ना कुणी खुर्ची दिली आणि जावयाचं कौतुक ऐकवलं. सुदेश त्यांच्या मागून चढत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशीही त्याचे पाय इतके जड नव्हते.

अण्णा आधी सोफ्याकडे गेले, मग त्यांनी खाली लटकणाऱ्या कॅलेंडरकडे बघितलं. मागच्या खोलीत खुर्ची मागवून खिडकीसमोर बसले. चष्मा बदलला. बराच वेळ काचेकडे बघत राहिले. कल्पिता अपेक्षेने उभी होती.

“काम अव्वल आहे,” अण्णा शेवटी म्हणाले. “मी असं काम आयुष्यात तिघांचं पाहिलंय. तिघंही आता नाहीत. कल्पिता, चहा ठेव बाळ.”

ती गेल्यावर त्यांनी सुदेशला जवळ बोलावलं.

“ही वरची काच उघडत नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“आतून लोखंडी जाळी आहे. जाळी काढलेली नाही, स्क्रूवर जुना रंग तसाच आहे. आणि पुट्टी बाहेरून लावलीय. लावतात बाहेरूनच. पण त्यासाठी बाहेर माणूस लागतो, सुदेशराव. बाहेर चार मजले हवा आहे. तुम्ही परांची बांधली होती?”

“नाही.”

“मग?”

“जाळीतून हात बाहेर काढून,” सुदेश म्हणाला.

अण्णांनी त्याच्या हाताकडे बघितलं. मग काचेच्या वरच्या कोपऱ्याकडे. मग पुन्हा हाताकडे. आपला हात लहान आहे याची सुदेशला आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली.

“हे कोण करतंय ते मी विचारत नाही,” अण्णा हळू आवाजात म्हणाले. “तुम्हाला माहीत नाही हे तुमच्या तोंडावर दिसतंय. एकच सांगतो. कारागिराला काम संपलं असं मालकाने सांगावं लागतं. नाही सांगितलं तर चांगला कारागीर थांबत नाही. तो काम काढत राहतो. आधी मोडलेलं नीट करतो, मग न मोडलेलं. तुम्ही त्याला ‘पुरे’ म्हणालात?”

“म्हणायचं म्हणजे... कल्पितासमोर?”

“तिच्यासमोर कसं म्हणायचं ते तुम्ही बघा. पण म्हणा. लवकर.”

कल्पिता चहा घेऊन आली. अण्णा मोठ्याने म्हणाले, “सुदेशराव, नाव काढलंत!” त्यांनी कपबशी घेतली तेव्हा चहा बशीत सांडला. या खेपेला सुदेशने खाली हात धरला.

७

सुदेशने ‘पुरे’ म्हटलं नाही. बुधवारी म्हणणार होता, पण बुधवारी कल्पिताने त्याला त्याच्या आवडीचं भरलं वांगं केलं. गुरुवारी शाळेतल्या बाई घर बघायला आल्या. शुक्रवारी, शनिवारी तो रिकाम्या घरात ‘पुरे’ असं पुटपुटला खरा, पण स्वतःलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू.

रविवारी सकाळी मैथिलीचा फोन आला. ती सोमवारी संध्याकाळी आठ दिवसांच्या रजेवर येणार होती.

“तिची खोली लावून घेते,” कल्पिता आनंदाने म्हणाली आणि चादरी घेऊन मागे गेली. मग तिचा आवाज आला. “सुदेश, दार आतून कसं काय लागलं?”

तो गेला. दार बंद होतं. आणि दारात, गुडघ्याच्या उंचीवर, काल नसलेलं एक काचेचं भोक होतं. बाहेर कोण आलंय ते बघायला मुख्य दाराला बसवतात तसलं. फक्त हे उलटं होतं. हॉलमधून खोलीत बघायचं.

आतून खर्र, खर्र असा आवाज येत होता. कल्पितानेही तो ऐकला. तिने चादरी छातीशी धरल्या.

“कोण आहे आत?”

सुदेश गुडघ्यांवर बसला. ते त्याला सहज जमलं, याचंच त्याला वाईट वाटलं. त्याने भोकाला डोळा लावला.

खोली वाकडी, गोल, पण उजेडात स्वच्छ दिसत होती. खिडकीतून ऊन येत होतं. फरशीवर वर्तमानपत्र, त्यावर हत्यारं ओळीत मांडलेली. कुणी दिसेना; आवाज मात्र दाराच्या तळाशी, भोकातून न दिसणाऱ्या जागेतून येत होता. मग त्याचं लक्ष जाळीकडे गेलं. जाळीतून एक हात आत येत होता. बाहेरचं काम उरकून आत येतो तसा, सावकाश, बोटांना पुट्टी लागलेली. आधी बोटं आली, मग मनगट, मग कोपर. कोपरानंतर खांदा यायला हवा होता. त्याऐवजी आणखी एक कोपर आलं. हात येतच राहिला. फरशीवर त्याची घडी पडू लागली, तरी खांदा काही येईना.

सुदेशने डोळा काढला.

“काय आहे?” कल्पिताने विचारलं.

“काही विशेष नाही,” असं त्याच्या ओठांवर आलं. तक्रार विभागातली वीस वर्षांची सवय. पण उद्या मैथिली या खोलीत झोपणार होती.

“कल्पिता,” तो खाली बसूनच म्हणाला, “काच मी बसवली नाही. पत्रा नाही, नळ नाही, मिक्सर नाही. मी एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. कोण करतंय मला ठाऊक नाही. मी खोटं बोललो, कारण तू माझ्याकडे तसं बघितलंस.”

कल्पिताने चादरी खाली ठेवल्या. मग ती म्हणाली, “मूर्खा, मला वाटलं तू चोरून माणसं बोलावतोस. म्हटलं, माझ्यासाठी एवढी धडपड करतोय तर करू दे. मी तसं बघत होते ते त्यासाठी.” आणि तिने त्याचा खांदा घट्ट धरला. “आता काय करायचं?”

सुदेशने घसा साफ केला. आवाज कार्यालयीनच निघाला, पण मोठा निघाला.

“काम झालं. उत्तम झालं. आमची काही तक्रार नाही. आता पुरे.”

कानस थांबली. टिक, टिक, टिक. खिळे खाली ठेवले गेले. मग दारापलीकडून, अगदी जमिनीजवळून, एक दमलेला, साधा, कुठल्याही कारागिराचा असावा तसा आवाज म्हणाला, “बघून घ्या एकदा.”

आणि कडी निघाली.

ती दोघं आत गेली तेव्हा खोली रिकामी होती. हत्यारं नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं. खिडकी बंद, जाळी जागेवर. सगळं झाडूनपुसून लख्ख. फक्त समोरच्या भिंतीवर सुताराच्या जाड पेन्सिलीने काही काढलेलं होतं.

दोन उभ्या रेघा, शेजारी शेजारी. कल्पिता एकीसमोर जाऊन उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याशी बरोबर संपत होती. दुसरी सुदेशच्या डोक्याशी. दोन्ही रेघांवर, गुडघ्याच्या उंचीवर, एकेक आडवी खूण होती. आणि त्या खुणेच्या वर, दोन्हीकडे, मोठी फुली.

“ही फुली कशाची?” सुदेशने विचारलं.

फोरमनची मुलगी होती ती. लाकूड कापण्याआधी रेघ ओढतात आणि जो भाग टाकून द्यायचा त्यावर फुली मारतात, हे तिला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होतं. तिने सुदेशला सांगितलं नाही. तिचं बोट तिसऱ्या रेघेकडे गेलं होतं. ती नुकतीच सुरू केलेली होती, जमिनीपासून वीतभर, आणि अर्धवट सोडलेली.

“काम पसंत आहे,” कल्पिता खिडकीकडे बघून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली. “आम्हाला आता काही करून नको आहे. काहीही.”

बाहेर, भिंतीच्या पलीकडच्या अंगाने, काहीतरी खाली उतरत गेल्यासारखा आवाज झाला. तो संपायला बराच वेळ लागला.

८

पेन्सिल पुसली जाईना. ओल्या फडक्याने नाही, साबणाने नाही. कल्पिता म्हणाली, रंगारी बोलावू. सुदेश म्हणाला, “नको. घरात आता बाहेरचा हात नको.” त्याने ऑफिसला सुट्टी टाकली, सोमवारी सकाळी दुकान उघडताच रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा भिंत रंगवायला घेतली.

भिंतीला जेवढा रंग लागला त्याहून जास्त त्याला लागला. ब्रशचे केस भिंतीला चिकटून राहिले. एका ठिकाणी ओघळ आले, दुसऱ्या ठिकाणी जुना रंगच राहिला. मग त्याने कडी काढून वर लावली. ती इतकी तिरकी लागली की दार बंद करायला खांदा लावावा लागे. आरसा टांगताना एक खिळा वाकला, एक बोट सुजलं. कल्पिता शिडी धरून उभी होती आणि मधूनमधून “डावीकडे रे, डावीकडे,” म्हणत होती. दोघंही दिवसभर उभीच होती. पाय दुखत होते, पण बसायचं कुणी नाव काढलं नाही.

दुपारी अण्णा आले. कल्पिताने सकाळी फोनवर सगळं सांगितलं होतं. चार जिने चढून ते थेट खोलीच्या दाराशी आले. कडी हलवून पाहिली. आरसा कुठल्या कोनात लटकतोय ते मान वाकडी करून पाहिलं. भिंतीवर तळवा फिरवला, चिकटलेला ब्रशचा केस चिमटीत धरून काढला. सुदेश रंगाने माखलेला, शिडीच्या पायरीशी उभा होता.

“भिकार काम आहे,” अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “सुदेशराव, असलं भिकार काम मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही.”

कल्पिताला रडू आणि हसू एकदमच आलं. सुदेशही हसला.

अण्णा हसत खुर्चीवर टेकले आणि त्यांनी सवयीने चष्मा बदलला. मग त्यांचं हसणं थांबलं. ते भिंतीकडे बघत होते. पातळ लागलेल्या रंगाखालून तिन्ही रेघा अजून अंधुक दिसत होत्या. दोन पूर्ण. तिसरी कल्पिताने सांगितली होती वीतभर. आता ती कमरेपर्यंत आली होती.

खाली आवारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि मैथिलीने हाक मारली, “आई, लवकर निघाले गं मी! बॅग जड आहे, कुणीतरी खाली या!”

“कल्पिता, तू जा,” अण्णा म्हणाले. “तिला जरा वेळ दर्शनाकडे बसव.”

मग त्यांनी काठी बाजूला ठेवली, डब्याचं झाकण स्वतः उघडलं आणि ब्रश सुदेशच्या हातात दिला.

“दुसरा हात मारा, सुदेशराव. जाड. आणि मारताना मोठ्याने म्हणत राहा, की घरमालक स्वतः करतोय.”

सुदेशने ब्रश डब्यात बुडवला.